मान नसलेल्यांचा मान

मराठीत ‘मान’ हा शब्द शरीराच्या एका भागालाही आहे आणि प्रतिष्ठेलाही. दोन्हींचे मूळ वेगळे, पण बोलण्यात त्यांची गाठ इतकी घट्ट बसली आहे की ती आता सुटत नाही. ताठ मानेने जगावे, मान खाली घालायची वेळ येऊ नये, कुणापुढे उगाच मान तुकवू नये, असे आपण म्हणतो तेव्हा डोके आणि धड यांच्यामधल्या चार बोटे जागेवर माणसाची सगळी अब्रू तोललेली असते. मग ज्या जिवाला मानच नाही, ज्याचे डोके आणि छाती एकाच कवचाखाली बसलेली आहे, त्याला आपण कोणता मान देतो? हा प्रश्न नवी मुंबईत विचारायला हवा, कारण या शहराच्या कडेने ठाणे खाडी आणि पनवेल खाडी पसरलेल्या आहेत आणि त्यांच्या चिखलात अशा जिवांचीच वस्ती दाट आहे. चिंबोऱ्या, कोळंबी, करंदी, एक नांगी भलीमोठी असलेले छोटे फिडलर खेकडे, हे सगळे प्राणिशास्त्राच्या भाषेत ‘शिरोवक्ष’ असलेले जीव. हे शहर आपल्या निसर्गाची मोजदाद लांब मानेच्या गुलाबी पक्ष्यापासून सुरू करते. ती या बिनमानेच्या जिवांपासून सुरू व्हायला हवी, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी आधी डोके, धड आणि योग्यता यांच्याबद्दलची आपली जुनी समजूत तपासून पाहावी लागेल.

ही समजूत कथांमध्ये फार खोल रुजलेली आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडात, जटायूचा अंत्यविधी करून राम-लक्ष्मण पुढे निघतात तेव्हा जनस्थानापासून तीन कोसांवरचे क्रौंचारण्य ओलांडल्यावर त्यांना कबंध भेटतो. जनस्थान म्हणजे नाशिकचा परिसर असे आपली परंपरा मानते, म्हणजे हा राक्षस महाराष्ट्राच्या भूगोलातलाच. त्याला डोके नाही, मान नाही. तोंड पोटात, एकच डोळा छातीवर आणि हात योजनभर लांब. तो मुळात देखणा होता. इंद्राच्या वज्राच्या आघाताने त्याचे डोके आणि मांड्या धडात घुसल्या. यापुढचा तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. कबंध इंद्राला विचारतो की आता मी खाऊ काय आणि जगू कसा? तेव्हा इंद्र त्याला लांब हात आणि पोटात तीक्ष्ण दाढांचे तोंड देतो. म्हणजे कवीने नुसते भेसूर रूप रंगवले नाही, त्या रूपाचा हिशेबही मांडला. मान गेली तर तोंड भक्ष्याकडे नेता येणार नाही, पाय गेले तर पाठलाग करता येणार नाही. मग भक्ष्य तोंडाकडे आणणारे लांब हात हवेत. जगात इतरत्रही असे जीव कल्पिले गेले. रोमन लेखक प्लिनीने आफ्रिकेत छातीवर डोळे आणि तोंड असलेल्या बिनडोक्याच्या ब्लेमी लोकांची नोंद केली. चिनी पुराणातला शिंगत्यान शिरच्छेदानंतर स्तनांचे डोळे आणि बेंबीचे तोंड करून लढत राहतो. या सगळ्यांत डोके धडात जाणे ही शिक्षा तरी आहे किंवा परक्या माणसाच्या रानटीपणाची खूण तरी. आपल्याकडे डोक्याला ‘उत्तमांग’ म्हणतात. उत्तम अंग वेगळे आणि वर असलेच पाहिजे, हा त्यामागचा आग्रह.

आता कथेतून चिखलात उतरू. चिंबोरीच्या पाठीवरचे रुंद कवच हा तिच्या डोक्याचा आणि छातीचा एकत्रित टप आहे. डोक्याचे पाच आणि छातीचे आठ असे तेरा खंड त्याखाली एकजीव झालेले असतात. छातीच्या पहिल्या तीन खंडांचे पाय तोंडाच्या कामाला लागले आहेत, म्हणजे छाती अक्षरशः जबड्यात सामील झाली आहे. उरलेल्या पाच जोड्यांत नांग्या आणि चालायचे पाय. पोट म्हणजे खाली दुमडलेली ती पट्टी, जी नरात निमुळती आणि मादीत रुंद असते. बाजारात चिंबोरी उलटी करून नर की मादी ते ओळखतात ते याच पट्टीवरून, आणि मादी आपली अंडी याच पट्टीखाली सांभाळते. हृदय, जठर आणि कल्ले सगळे शिरोवक्षातच. आणि जठरात दात असतात: एक मधला, दोन बाजूंचे. गिळलेले अन्न तिथे चक्कीसारखे दळले जाते. पोटात दाढा असलेला कबंध कल्पनेतला, पण पोटात दात असलेली चिंबोरी मासळीबाजारात रोज विकली जाते. मान नसल्याची भरपाईही कबंधासारखीच झाली आहे. डोके वळवता येत नाही, म्हणून डोळे दांड्यांवर चढले. फिडलर खेकड्याला त्या उंचावलेल्या डोळ्यांनी जवळजवळ चहूकडचे एकाच वेळी दिसते. तोंड पुढे नेता येत नाही, म्हणून नांगी घास तोंडापर्यंत आणते. मज्जासंस्थेचीही तीच तऱ्हा. डोळ्यांमधल्या मेंदूच्या जोडीला छातीच्या तळाशी एकवटलेला मोठा मज्जापिंड असतो आणि पायांची बरीचशी कामे तो सांभाळतो. ‘विचार डोक्यात, कष्ट धडात’ ही आपल्या डोक्यात पक्की बसलेली विभागणी या शरीरात लागूच पडत नाही.

शरीरशास्त्राचा अभ्यासक इथे एक रास्त हरकत घेईल. ‘शिरोवक्ष’ म्हणजे एकत्र झालेले डोके आणि छाती, असे म्हणताना ती आधी वेगळी होती असे आपण गृहीत धरतो. हाच शब्द जाळे विणणाऱ्या कोळ्यालाही लावतात, पण त्याच्या बाबतीत हे गृहीतक डळमळीत आहे. त्याच्या शरीराचा पुढचा भाग कधीकाळी सुट्या असलेल्या डोक्या-छातीच्या मिलनातून झाला याला भक्कम पुरावा नाही, म्हणून अनेक तज्ज्ञ तिथे हा शब्द टाळतात. ही हरकत माझ्या म्हणण्याला बळच देते, कारण आपण दुसऱ्या जिवांची शरीरे आपल्या शरीराच्या फुटपट्टीने मोजतो हेच त्यातून दिसते. मान ही प्राणिजगताची सर्वसाधारण गोष्ट नाहीच. पापलेटला मान नसते, बोंबलाला नसते. माशांच्या खांद्याची हाडे कवटीलाच जोडलेली असतात. कॅनडाच्या उत्तर टोकाला सापडलेला आणि २००६ साली जगापुढे आलेला टिकटॅलिक हा सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा जीव म्हणून तर महत्त्वाचा ठरला. मासा असूनही त्याचे डोके खांद्यापासून सुटे झाले होते, कारण तो उथळ पाण्याच्या काठी राहत होता आणि तिथे अंग न हलवता डोके वळवणे उपयोगी होते. पुढे जमिनीवरचे काही प्राणी पुन्हा समुद्रात गेले, त्या देवमाशांची मान परत आखूड झाली. मान ही जागेची गरज आहे, तिच्यात दर्जाचा प्रश्न येत नाही. उलट बिनमानेची घडण किती यशस्वी आहे पाहा. नोंदल्या गेलेल्या कोळ्यांच्या जातींनी २०२२ साली ५० हजारांचा टप्पा ओलांडला. खेकड्याचा आकार तर निसर्गात वेगवेगळ्या वंशांतून किमान पाच वेळा स्वतंत्रपणे घडला आणि या प्रवृत्तीला १९१६ सालीच शास्त्रीय नाव मिळाले. जी घडण पुन:पुन्हा निवडली जाते तिला शाप म्हणणे अज्ञानाचे आहे.

ही समजूत पुराणात राहिली असती तर तिच्याशी वाद घालायचे कारण नव्हते. ती आपल्या रोजच्या न्यायनिवाड्यात उतरली आहे. मराठी माणसे एकमेकांचे पाय ओढतात हे सांगायला आपण टोपलीतल्या खेकड्यांचा दाखला देतो. टोपली कुणी विणली आणि खेकडे तिच्यात कुणी कोंबले हे त्या दाखल्यात कधी येत नाही. चिखलात बिळे करणाऱ्या खेकड्याचे स्वतःचे बीळ असते, तिथे कुणी कुणाला खाली ओढायला जात नाही. कोंडलेला जीव हाताला लागेल ते धरतो, एवढाच टोपलीचा अर्थ. यापेक्षा गंभीर उदाहरण चिपळूण तालुक्यातले. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले आणि माणसे वाहून गेली. त्यानंतर राज्याच्या तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी धरणफुटीचे खापर खेकड्यांवर फोडले. खेकडे मातीत बिळे करतात हे खरे. पण धरणाच्या भिंतीची तपासणी आणि दुरुस्ती करणे हे माणसाचे काम असते आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केलेल्या होत्या. इतका मोठा आरोप इतक्या सहज ज्याच्यावर करता येतो, त्याची आपल्या मनातली पायरी कोणती हे वेगळे सांगायला नको. ज्याचा चेहरा आपल्याला वाचता येत नाही, त्याच्यावर दोष ठेवणे सोपे जाते, आणि त्याचा नाश दिसत असूनही मनाला लागत नाही.

नवी मुंबईत नेमके हेच घडते आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखले. आगऱ्यांची भातशेती आणि मिठागरे, कोळ्यांची खाडी यांवर ‘नोड’ म्हणजे नवी उपनगरे उभी राहिली. आज हे शहर स्वतःला अभिमानाने फ्लेमिंगो सिटी म्हणवते. चौकाचौकांत रोहित पक्ष्यांचे पुतळे आहेत. ठाणे खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. हे सगळे चांगलेच झाले आणि त्यामागे अनेक कार्यकर्त्यांचे कष्ट आहेत. पण या मांडणीत पक्षी दिसतो आणि चिखल दिसत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी पुरेसे येईनासे झाले, तलाव सुकला, आणि त्या परिसरात रोहित मृत व जखमी अवस्थेत सापडू लागले. तेव्हा शहर हळहळले. मात्र भरतीची ये-जा थांबली की पक्ष्याच्या कितीतरी आधी चिखल मरू लागतो. खेकड्याचे कल्ले ओले राहिले तरच त्याला श्वास घेता येतो. भरती येईनाशी झाली, बीळ कोरडे पडले की त्याचे जगणे संपते. पक्षी निदान उडून दुसरीकडे जाऊ शकतो. पाणी आटल्याची खबर सगळ्यांत आधी देणारा जीव आपण मोजतच नव्हतो, म्हणून मृत पक्षी हीच आपल्यासाठी पहिली बातमी ठरली.

बिळे करणे हा खेकड्याचा गुन्हा मानला जातो, पण तिवरांसाठी, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनासाठी, तीच त्याची सेवा आहे. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते. थोडे खाली गेले की काळा, कुजका वास येणारा थर लागतो. खेकड्यांची बिळे त्या थरापर्यंत पाणी आणि प्राणवायू पोहोचवतात. काही खेकडे गळलेली पाने बिळात ओढून नेतात आणि त्यांचा चुरा करतात. फिडलर खेकडे ओहोटीच्या वेळी चिखलाचा वरचा पापुद्रा चाळून अन्न वेचतात आणि उरलेल्या मातीच्या बारीक गोळ्या मागे ठेवतात. हे काम किती मोलाचे आहे हे प्रयोगाने दाखवले गेले आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या तिवरांत काही तुकड्यांतले खेकडे काढून टाकले, तेव्हा त्या मातीत सल्फाइड आणि अमोनियम साचले आणि झाडांची वाढ व फलधारणा घटली. १९९१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे तिवरे हवी असतील तर त्यांच्या मुळाशी राबणारे हे जीव हवेतच. बगळे, खंड्या, ओहोटीला चिखल टोचत फिरणारे स्थलांतरित तुतारी पक्षी यांच्या अन्नातही ते आहेत. आणि दिवाळे, सारसोळे, करावे, वाशी, ऐरोली-दिवा या गावांतल्या मच्छीमार कुटुंबांच्या मिळकतीत चिंबोरीचा आणि कोळंबीचा वाटा आहे. मराठीने जाळे विणणाऱ्या अष्टपादालाही ‘कोळी’ म्हटले आणि जाळे टाकणाऱ्या माणसालाही. या शहरात दोघांच्याही वाट्याला एकच अनुभव आला आहे: त्यांच्या कामावर सगळे उभे आहे आणि नकाशावर त्यांचे नाव नाही.

यावर पहिला आक्षेप ज्यांनी खाडीकाठी शेती केली त्यांच्याकडून येईल, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. खेकडे खारबंदिस्तीचे बांध पोखरतात, खारे पाणी शेतात शिरते, पीक बुडते. तिवरांची रोपे लावली तर कोवळ्या बिया आणि अंकुर खातात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण खाडीकाठच्या गावांनी पिढ्यान्पिढ्या यावर जे उत्तर काढले ते बांधाची सतत देखभाल हे होते. गावकी एकत्र येऊन बिळे बुजवत असे, चिखल चढवत असे. खेकडा नाहीसा करणे हे उत्तर त्यांनी कधी मानले नाही, कारण तोच खेकडा जेवणात होता. देखभाल मोडली ती खेकड्यांमुळे नव्हे. शेती गेली, माणसे नोकरीकडे वळली आणि बांधांना वाली उरला नाही. अंकुर खाल्ले जाण्याबद्दलही तेच. ओहोटी-भरती मोकळी असलेल्या ठिकाणी तिवरे स्वतःहून इतकी बीजे टाकतात की खेकड्याचा वाटा जाऊन जंगल वाढते. रोपांच्या ओळी लावून केलेली लागवड मात्र त्या वाट्यापुढे टिकत नाही, आणि त्यातून शिकायचे ते हेच की आधी पाण्याची वाट मोकळी करावी, रोपे नंतर.

दुसरा आक्षेप शहराचा. माणसांना घरे, रस्ते, रोजगार हवा. उलव्याची टेकडी कापून आणि नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले, आता खेकड्यांची चिंता करायची का? याला जोडून एक चतुर युक्तिवादही केला जातो: लोकांचे मन देखण्या पक्ष्यावर बसते, तो वाचवला की त्याच्या छत्राखाली बाकीचे जीव आपोआप वाचतात. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. रोहित ज्या पाणथळीत उतरतात ती वाचू शकते, पण ज्या खाजणात, नाल्याकाठच्या तिवरात ते उतरत नाहीत, त्या जागांना ‘पडीक दलदल’ म्हणून भराव टाकण्याचा परवानाच जणू मिळतो. पक्षी न दिसणे हा जागा निरुपयोगी असल्याचा पुरावा ठरतो. शहराच्या गरजेबद्दल एवढेच म्हणेन की सखल भागात, धारणतलाव बांधून वसवलेल्या शहराला भरतीचे पाणी आणि पावसाचे पाणी एकाच वेळी आले की जागा लागते. ती जागा म्हणजेच हा चिखल. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरतोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला, त्यामागे हेच आकलन आहे. खेकड्यांची काळजी घेणे ही माणसांच्या घरांविरुद्धची मागणी नाही; नेरुळ-बेलापूरच्या तळमजल्यांसाठीच ती मागणी आहे.

तिसरा आक्षेप असा की रामायणातल्या कबंधाला खाडीच्या चिखलाशी जोडणे ही ओढाताण आहे. कबंध हे अनावर भुकेचे रूपक आहे, प्राणिशास्त्राचा धडा नव्हे. रूपक आहे हे मान्य. पण रूपकासाठी आपण कोणते शरीर निवडतो यालाही अर्थ असतो. भूक दाखवायला डोके नसलेले धड निवडले, कारण विवेक डोक्यात राहतो अशी धारणा होती. ही धारणा आज कायद्याच्या पातळीवर बदलते आहे. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, कोळंबी, शेवंड अशा दशपाद कवचधाऱ्यांना संवेदनशील प्राण्यांत गणले, कारण त्यांना वेदना होते याचा पुरावा अभ्यासकांनी पुढे ठेवला. आपला १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा तर आधीपासून माणसाखेरीज प्रत्येक सजीव प्राण्याला लागू आहे. त्यात डोके वेगळे असण्याची अट नाही. म्हणजे कायद्याने जे पाहिले ते आपल्या नजरेने अजून पाहिलेले नाही.

म्हणून मागणी साधी आणि करता येण्याजोगी आहे. नवी मुंबईत खाडीकाठी कोणताही प्रकल्प येताना होणाऱ्या पर्यावरण अहवालात पक्ष्यांच्या यादीबरोबर चिखलाची यादी असावी: ओहोटीच्या वेळी ठरावीक चौरसांत बिळांची मोजणी, वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आणि तिचे आकडे लोकांसाठी खुले. ही मोजणी कोळीवाड्यांतल्या माणसांकडून, योग्य मोबदला देऊन करून घ्यावी. कोणत्या चिखलात कोणती चिंबोरी कधी भरते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही. २०१२ पासून काम करणारा राज्याचा कांदळवन कक्ष आणि ऐरोलीतले किनारी व सागरी जैवविविधता केंद्र यांना हे काम नवे वाटू नये. तिवरांत खेकडेपालनाला मदत करणारी योजना राज्याने चालवलीच आहे. पाळलेल्या खेकड्याला जे स्थान मिळाले ते खाडीतल्या मोकळ्या खेकड्यालाही मिळावे. जिथे भरतीची वाट बुजली आहे तिथे ती आधी मोकळी करावी. आणि शाळेच्या पुस्तकात ‘शिरोवक्ष’ हा शब्द पाठ करणाऱ्या मुलांना एकदा ओहोटीच्या वेळी सुरक्षित काठावरून ते शरीर काम करताना दाखवावे.

कबंधाच्या कथेचा शेवट आपण सहसा घाईने सांगतो. राम उजवा हात छाटतो, लक्ष्मण डावा. मग कबंध आपली हकिकत सांगतो, त्याचा देह जाळला जातो आणि दिव्य रूप घेऊन तो सांगतो की ऋष्यमूकावर सुग्रीवाकडे जा. सीतेच्या शोधाला खरी दिशा तिथे मिळते. ज्याला सगळ्यांनी नुसते पोट मानले, त्यालाच पुढची वाट ठाऊक होती, आणि ती समजण्याआधी त्याचे जुने शरीर राख व्हावे लागले. खाडीतल्या बिनमानेच्या जिवांना दुसरे रूप मिळणार नाही; जे सांगायचे ते या शरीरातूनच, या चिखलातूनच ते सांगत आहेत. ओहोटीला बिळे किती दिसतात आणि किती बुजलेली, यात या शहराला पुढच्या पावसाळ्यात पाणी कुठे तुंबणार याचे उत्तर आहे. ती बिळे मोजायला आपल्यालाच खाली वाकावे लागेल, आणि त्यासाठी मान थोडी झुकली तर त्यात आपला मान जात नाही.